पिशवीची झडती

तुरुंगातून बाहेर पडताना आम्हा कर्मचाऱ्यांची झडती का घेतात, हे माझ्या सासूबाईंना बरेच दिवस कळत नव्हतं. "आत जाताना घेतात ते ठीक आहे," त्या म्हणायच्या, "पण येताना? आतून काय चोरून आणणार गं? चादरी?"

"आई, आतून बाहेर जाऊ नये अशी एकच वस्तू असते," मी त्यांना सांगितलं होतं. "किल्ली."

एक किल्ली हरवली तर तुरुंग जागच्या जागी थांबतो. तीन लांब भोंगे वाजतात. पाळी संपलेला माणूस घरी जात नाही, कैद्याला घरच्यांच्या मुलाखतीला सोडत नाहीत, आणि किल्ली सापडलीच नाही तर कुलपंच्या कुलपं बदलावी लागतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मी पदवी परीक्षेला केलं नसेल इतकं पाठांतर त्या आठवड्यात केलं.

तर ही गोष्ट माझ्या लेकीमुळे घडली. लेक आठ महिन्यांची. जन्मली तेव्हापासून कुठूनही बघा, गोलच दिसते, म्हणून घरात तिला गोटी म्हणतात. बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर आले तेव्हा मला पुन्हा बायकांचा विभाग मिळणार होता. तिथे आम्ही रक्षक सात जणी. सातजणींत चोवीस तास भागवायचे म्हणजे दर तिसऱ्या दिवशी रात्रपाळी. पुरुष विभागात रक्षक पन्नासच्या वर, आणि तिथल्या मधल्या फाटकावर सकाळी आठ ते दुपारी चार अशी कायमची पाळी रिकामी झाली होती. त्या फाटकावर आजवर बाई उभी राहिली नव्हती. राहू नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. मी नियमावली दोनदा वाचून काढली आणि मग अर्ज दिला.

अधीक्षक साहेबांनी अर्जावर शेरा मारला : "एक महिना बघू."

बायकांच्या विभागातल्या आमच्या थोरल्या ताई, तेवीस वर्षं नोकरी झालेल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जा, खुशाल जा. पण एक ध्यानात ठेव. तिकडे पुरुष चुकला तर तो एकटा चुकतो. तू चुकलीस तर आपण सगळ्या चुकलो. तुझ्यामागे आणखी दोघी अर्ज लिहून बसल्यात."

म्हणजे माझ्या एकटीची चाकरी नाही, तर तिघींची. माझा स्वभाव आधीच असा, की गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत वर जायचं. त्यात हे.

पण खरं सांगायचं तर काम मला आवडलं. फाटक उघडायचं, माणसं मोजून सोडायची, फाटक लावायचं, कुलूप ओढून बघायचं. माझ्यासारख्या बाईला दिवसातून दोनशे वेळा कुलूप ओढून बघायचा पगार मिळावा, यापरतं सुख नाही. किल्लीघरात बसणारा सहकारी, त्याला सगळे पैलवान म्हणतात, पहिल्या दिवशी मला म्हणाला, "बाई, एखादा कैदी अंगावर ओरडला तर काय कराल?"

"घरी एक ओरडते रोज. तिच्यापुढे तुमचे सगळे कैदी मवाळ आहेत."

तो हसला, पण मला जोखत हसला. आठवड्याभरात जोखणं संपलं आणि नुसतं हसणं राहिलं.

अडचण एकच होती. गोटीला वरचं दूध चालत नाही. तोंडात घेते आणि फुर्रकन समोरच्याच्या अंगावर उडवते. त्यामुळे बाराची कैद्यांची मोजणी जुळली की मला पंधरा मिनिटं, एक आडोसा आणि दूध काढायचा एक हातपंप लागायचा. पुरुष विभागात बायकांसाठी खोली नाही. शेवटी चादरींची कोठी सापडली : बुटकी, बिनखिडकीची, साबणाच्या वासाची. तिची किल्ली नऊ नंबरची, पत्र्याचा बिल्ला लावलेली.

आमच्यात प्रत्येकाकडे आपल्या नंबरचे चार पितळी बिल्ले असतात. किल्ली घेतली की तिच्या खुंटीवर आपला एक बिल्ला अडकवायचा आणि वहीत सही करायची. किल्ली परत केली की बिल्ला परत. पहिल्या दिवशी मी बिल्ला काढू लागले तर पैलवानाचे कान लाल झाले. "असू दे, असू दे. बाईंचं खासगी काम. लिहायचं कशाला?" आणि तोंड भिंतीकडे करून त्याने किल्ली पुढे केली.

मोठ्या दरवाजावरच्या मामांची तीच तऱ्हा. मामा म्हणजे दरवाजाचे रक्षक, एकतीस वर्षं त्याच बाकावर. माझ्या डब्याची, चपलांची, छत्रीचीसुद्धा झडती घेत. अंग चाचपायला बायकांच्या विभागातून एक जण येई. पण दुधाची बाटली आणि बर्फ ठेवलेली माझी निळी पिशवी आली की मामा छताकडे बघत. "ती राहू दे, पोरी. त्यात काय बघायचं!" आणि वहीत लिहीत : झडती घेतली.

मला दोघांचंही बरंच वाटायचं. माणसं किती जाणती आहेत, असं मी घरी सांगितलंही होतं.

सव्विसाव्या दिवशी मी कोठीत बाटलीचं झाकण लावत होते, तेवढ्यात फाटकाकडून हाक आली. एका कैद्याचा घोळणा फुटून नाकातून रक्त वाहत होतं आणि त्याला दवाखान्यात न्यायला फाटक उघडून हवं होतं. एका हातात बाटली, काखेत पिशवी. कोठीला कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि किल्ली हातात मावेना म्हणून बर्फाशेजारी टाकली. धावत जाताना पिशवी किल्लीघरातल्या टेबलाखाली सरकवली. पैलवानाने पिशवी आलेली बघितली आणि नेहमीप्रमाणे मान फिरवली. पिशवी आली म्हणजे किल्लीही आली, असं त्याने धरलं. त्या कैद्याचं रक्त थांबायला अर्धा तास गेला, त्यात माझ्या डोक्यातून किल्लीही गेली.

चार वाजता फाटकाच्या किल्ल्यांचा जुडगा दिला, बिल्ला घेतला, पिशवी उचलली. मामांनी डबा उघडून बघितला, छताकडे बघितलं, आणि मी रस्त्यापलीकडच्या आमच्या कर्मचारी वसाहतीत घरी आले.

गोटी सासूबाईंच्या पायांवर पालथी पडून त्यांच्या बांगड्या चोखत होती. मी हात धुऊन तिला घेतलं. तिने माझ्या गणवेशाचं बटण शोधलं आणि सुखाने डोळे मिटले. दिवसातली माझी सगळ्यात आवडती वेळ ही.

आणि भोंगा झाला. एक. दोन. तीन.

"हे काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"किल्ली हरवली कुणाची तरी," मी म्हटलं. "कोण वेंधळा आहे देव जाणे. आता पाळीतला एकही माणूस रात्रीपर्यंत सुटत नाही. मी वेळेत निघाले म्हणून बरं."

सासूबाई बाटली फ्रिजमध्ये ठेवायला पिशवी घेऊन आत गेल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी साधा, भाजीत खडा निघावा तसा. "ही कुठली किल्ली? आपल्या कपाटाची तर नाही."

मी उठले ते गोटीसकट. त्यांच्या तळहातावर नऊ नंबरचा पत्रा होता, बर्फाने घामेजलेला.

मला एकदम ताई दिसल्या, त्या दोघींचे अर्ज दिसले, रात्रपाळी दिसली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"रडतेस काय उभी? पोर दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि पळ. चपला घाल आधी!"

मी किल्ली मुठीत धरून रस्ता ओलांडला. मोठ्या दरवाजाच्या खिडकीतून मामांनी बघितलं, मी मूठ उघडली, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी छोटं दार उघडून मला आत ओढलं. बाकाजवळ आम्ही दोघंच होतो. आतून अंगणात उभ्या केलेल्या माणसांचा गलबला येत होता. बराकीतले बिछाने उलटेपालटे करणं चाललं होतं.

"माझ्याकडे दे," मामा कुजबुजले. "मी सांगतो, बाकाखाली सापडली. वहीत झडती घेतल्याचं लिहिलंय, म्हणजे ती बाहेर गेलीच नाही. तुझं नाव नाही, माझं नाव नाही. दे, पोरी."

किती सोपं होतं. माझा हात पुढे गेलासुद्धा. चार दिवस राहिले होते फक्त.

मग माझं लक्ष बाकाखाली गेलं. फरशी आरशासारखी लख्ख होती.

"मामा, इथे झाडू कोण मारतं?"

इथे रोज दुपारी तीनला एक म्हातारा कैदी झाडतो. त्याची सुटका सोळा दिवसांवर आली होती, आणि तो ते भेटेल त्याला सांगायचा. मलाही रोज सांगायचा : आज सतरा, आज सोळा.

"त्याला विचारतील," मी म्हटलं. "त्यानेच लपवली म्हणतील. सोळा दिवस राहतील का मग?"

मामांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. "चल," ते म्हणाले. "मी येतो बरोबर."

साहेबांच्या खोलीत पैलवान आधीच उभा होता, कानांपर्यंत लाल. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं, पण मामा माझ्या आधी बोलले.

"साहेब, झडती मी घेतली नाही. लिहिलं, पण घेतली नाही."

"का?"

"त्या पिशवीत... ते असतं, साहेब."

"ते म्हणजे काय? बॉम्ब?"

"दूध, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "दुधाला काय झालं? बघितलं तर नासतं?" मग पैलवानाकडे वळून : "आणि खुंटीवर बिल्ला का नव्हता?"

"बाईंचं काम, म्हणून म्हटलं..." पैलवानाने पुढे काय म्हटलं ते त्याच्या मिशीतच राहिलं.

आता माझी पाळी. "साहेब, किल्ली पिशवीत मी टाकली. चूक माझी. यांनी मला अवघडायला नको म्हणून नियम सोडला, आणि मलाही ते बरं वाटलं, तीही माझीच चूक. मला बिल्ला लावू द्या. पिशवी उघडून बघू द्या. मला त्यात लाज वाटत नाही. बाकी तुम्ही ठरवाल ते."

साहेबांनी किल्लीवरचा पत्रा फिरवून नंबर वाचला. "तिघांनी खुलासे लिहा," ते म्हणाले. "वेगवेगळे. आणि कुणी कुणाला वाचवायला जाऊ नका."

किल्ली सापडल्याचा भोंगा वाजला. अंगणातली माणसं आत गेली.

रात्री नवऱ्याने माझा खुलासा वाचला. तो वीजजोडणीची कामं करतो, कमी बोलतो. "चांगलं लिहिलंयस," म्हणाला. "कॉलेज वाया नाही गेलं." मला झोप लागणार नाही असं वाटलं होतं, पण गोटीच्या पोटावर हात ठेवला आणि लागली.

दुसऱ्या दिवशी आदेश आला. तिघांनाही लेखी ताकीद. चादरींच्या कोठीला आतून कडी, एक खुर्ची आणि वहीत स्वतंत्र पान. आणि माझ्या अर्जावर नवा शेरा : "आजपासून पुन्हा एक महिना बघू. बाकीचे दोन अर्जही पाठवा, बघू." म्हणजे माझे सव्वीस दिवस पुसले गेले, आणि त्या दोघींचे महिने सुरू झाले. ताईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बघू म्हणालेत ना? म्हणजे झालं."

पैलवान दुपारी भिंतीकडे न वळता म्हणाला, "बाई, बिल्ला. सही. आणि किल्लीला आज कुठे फिरायला न्यायचा बेत आहे का?"

"आज नाही. तिला थंडी बाधली."

चारला मी दरवाजावर आले. म्हातारा झाडूवाला आत जाताना म्हणाला, "आज पंधरा." मामांनी डबा उघडला, छत्री झटकली. मग निळी पिशवी पुढ्यात घेतली, चष्मा सारखा केला, बर्फ काढला, तळ चाचपला. बाटली उजेडाकडे धरून अशी निरखली, जणू त्यात खरंच एखादी किल्ली विरघळली असावी. कान लाल झालेच होते, पण डोळे छताकडे गेले नाहीत. त्यांनी वही ओढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं.

"वस्तू : दूध. नग : एक बाटली." पुढच्या रकान्यावर लेखणी थांबली. "इथे सरकारी की खासगी असं विचारलंय."

"खासगी, मामा."

"खासगी," मामांनी लिहिलं, खाली ठसठशीत सही केली आणि बाटली दोन्ही हातांनी परत दिली.

रस्ता ओलांडण्याआधी मी थांबून पिशवी एकदा स्वतःही तपासली. नुसतं दूध होतं. पलीकडे खिडकीत सासूबाईंच्या कडेवर गोटी दिसत होती, गोल.