गुणी पोर

मानसतज्ज्ञ बाई तिसरा मजला चढून आल्या, तेव्हा घरातला नातू पलंगावरून उड्या मारत होता आणि आजी दुधाचा पेला घेऊन त्याच्यामागे धावत होती. पाच वर्षांच्या या वीराला घरचे कौतुकाने ‘तुफान’ म्हणत. तो एका जागी बसेना, बोलताना अडखळे, म्हणून वडिलांनी चार ठिकाणी ओळखी काढून बालविकास केंद्रातल्या बाईंना घरी यायला लावले होते. वंशाचा दिवा जरा फडफडला की सगळे घर हात आडवे धरायला धावते, तसेच हे.

बाई तुफानसमोर ठोकळे मांडत होत्या, पण त्यांची नजर पुन्हापुन्हा कपाटाकडे जात होती. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत त्याची धाकटी बहीण बसली होती. अडीच वर्षांची. हातात डब्याचे झाकण. ते ती फरशीवर फिरवायची, थांबले की पुन्हा फिरवायची.

“ही बाहुली,” आजी म्हणाली. “भारी गुणी पोर हो! रडणं नाही, हट्ट नाही. सकाळी बसवली की दुपारपर्यंत तिथंच. या कार्ट्यानं माझा जीव खाल्लाय, पण तिनं एक दिवस त्रास दिला नाही.”

“बाहुले,” बाईंनी हाक मारली. मग खरे नाव घेऊन मारली. मग जवळ जाऊन मारली. मुलीने पाहिले नाही. आत कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मात्र तिची मान चटकन वळली.

“ऐकू तर येतंय. बोट दाखवून काही मागते का? आई कामावरून आली की बघते?”

“मागतच नाही, तेच तर सांगतेय!” आजी खुशीने हसली.

 बाईंनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, की आत्ताच खात्रीने काही बोलता येणार नाही, पण मुलाआधी मुलीची तपासणी व्हायला हवी.

“तिला काय धाड भरलीय?” वडील चिडले. “मॅडम, तुम्हाला मुलासाठी बोलावलंय. मुलाचं काय, खपून जातं. मुलीच्या माथी शिक्का बसला तर उद्या तिचं लग्न कोण करील?”

त्या मुलीच्या सगळ्या दाढाही अजून आल्या नव्हत्या. असे बाप दुष्ट असतात असे नाही. या बापाने मुलीसाठी बूट आणले होते, मऊ गादी आणली होती. तिच्या डोळ्यांत बघायचे तेवढे राहून गेले होते.

निरोप द्यायला आई जिन्यापर्यंत आली. ही त्या घरची गुणी सून. सासूला कधी उलटून बोलली नाही म्हणून नात्यागोत्यात तिचे दाखले दिले जात.

“माझ्या लक्षात आलंय हो,” ती कुजबुजली. “मी घरी आले तरी ती बघत नाही. मला वाटायचं, मी दिवसभर बाहेर असते, म्हणून रुसलीय माझ्यावर.”

“तुमचं काही चुकलेलं नाही. पण तिला केंद्रात घेऊन या. हे वय पुन्हा मिळत नाही.”

“हे नाही म्हणतील.”

“म्हणू देत की!”

आई घरात परतली. पुढच्या आठवड्यात वडिलांनी बाईंचे येणे बंद केले आणि तुफानसाठी दुसरीकडे सोय पाहिली. बाईंनी फोन केले, दोनदा दारापर्यंत गेल्या. आजीने दार अर्धेच उघडून “पोर झोपलीय” म्हणून सांगितले. दुसऱ्याच्या घरात जबरदस्तीने शिरता येत नाही, आणि वाढते वय तर कुणासाठी थांबत नाही. बाई जिने उतरताना स्वतःवरच चरफडत होत्या.

असे वर्ष सरत आले. एका संध्याकाळी आई कामावरून आली, मुलीचे हात धुवायला घेतले, आणि किंचाळली. उजव्या तळव्याला टरटरून फोड आले होते. दुपारी आजीने तापलेली इस्त्री खाली ठेवली होती. तासन्‌तास उलटून गेले होते, आजी आणि तुफान घरातच होते, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

आजी घाबरली. पण तोंडातून सवयीचेच शब्द निघाले, “बघ, कशी सोशीक पोर! हूं की चूं केलं नाही.”

त्या क्षणी आईच्या आत काहीतरी तुटले. दवाखान्यात मलमपट्टी झाल्यावर ती घरी गेलीच नाही. रात्र बहिणीकडे काढली आणि सकाळी मुलीला कडेवर घेऊन केंद्रात आली. पाठोपाठ वडीलही आले.

“लोकांसमोर तमाशा नको. चल. चांगल्या गुणी पोरीला वेडी ठरवशील.”

“नको मला गुणी पोर!” आई सगळ्यांदेखत ओरडली. “भाजलं की बोंब मारणारी पाहिजे. माझा पदर ओढणारी, मला भंडावून सोडणारी पाहिजे!”

“मग घरी येऊ नकोस. आणि मुलगा माझ्याकडेच राहील.”

 तुफानच्या नुसत्या आठवणीने तिचे पाय मागे फिरले असते. पण मांडीवरच्या मुलीला त्या हाताचे दुखणेसुद्धा सांगता येत नव्हते. ती बाकावरून उठली नाही.

तपासणीत मुलीला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निघाले. बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. उशीर झाला होता, फार मेहनत लागणार होती, आणि किती यश येईल ते कुणीच सांगू शकत नव्हते. आई बहिणीच्या एका खोलीत राहू लागली. मुलाचा आवाज तिला फोनवरसुद्धा ऐकू देत नसत. रोज सकाळी बाई चटईवर बसून साबणाचे फुगे उडवायच्या, मग बाटली बंद करून, ती स्वतः काही मागेल म्हणून मुलीच्या तोंडाकडे बघत थांबायच्या. मुलगी भिंतीकडे बघायची. आठवडे गेले. आईला वाटू लागले, दोन्ही लेकरे हातची गेली.

मग एके दिवशी बाटली बंद झाली, आणि मुलीने बाईंचा हात धरून ओढला. बाई हलल्या नाहीत. मुलीने वर पाहिले, थेट त्यांच्या डोळ्यांत, आणि भोकाड पसरले. रागाने लालबुंद होऊन, पाय आपटत ती रडू लागली. बाईंनी घाईघाईने बाटली उघडली.

शेजारच्या खोलीतून कुणीतरी वैतागून डोकावले. “अहो, गप्प करा की त्या पोरीला!”

“नाही करणार,” आई डोळे पुसत म्हणाली. “रडू दे तिला.”