बटणं नसलेला ड्रेस

मुलाखत अकराला होती आणि मी अजून कपाटासमोरच घुटमळत होते. काळी पँट कमरेत बसेना, पांढऱ्या शर्टावर दुधाचे डाग.

"मूल लहान आहे हे चुकूनही बोलू नकोस," सासूबाईंनी पुन्हा बजावलं. "मागच्या ठिकाणी बोललीस आणि हातातोंडाशी आलेली नोकरी गेली."

शेवटी निळा ड्रेस चढवला. पाठीला चेन, पुढून सपाट. आरशात पुन्हा पूर्वीची, प्रयोगशाळेत नोकरी करणारी मी दिसू लागले, कुणाची आई दिसेना. हेच तर हवं होतं.

तेवढ्यात पाळण्यात माझी लेक, चिमणी उठली. मी तिला कडेवर घेतलं. घरात मी सदा बटणांचेच शर्ट घालते, त्यामुळे बटण सापडलं की दूध मिळतं, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिने माझी छाती चाचपली. वर, खाली, पुन्हा वर. बटण कुठेच नाही. मग मान मागे नेऊन ती माझ्याकडे बघू लागली, चुकून भलत्याच बाईच्या कडेवर आल्यासारखी.

"आई, चेन उघडा आधी!" मी सासूबाईंकडे पाठ केली.

"आत्ता? अगं, उशीर होईल!"

"होऊ दे."

ती पीत होती आणि माझे डोळे घड्याळावर. तिचं पोट भरलं तसा मी हिरवा शर्ट अंगात घातला. त्याचं वरचं बटण तिने चघळून चघळून पांढरं केलंय.

"अगबाई, यात तर लांबूनच लेकुरवाळी दिसतेस!"

"आहेच की," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन."

आणि चपला घातल्या.