लांबणीवर पडलेली गूळतुला

ज्यातलं सूर्यकांतदादांना कळत नाही असा विषय अजून जन्माला यायचा होता. फरीदाबादच्या एका कारखान्यात ते प्रोडक्शन मॅनेजर होते आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, म्हणजे धाकट्या भावाच्या घरात, ते ब्रह्मदेव होते. भावजयीला, अलकनंदाला, स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा केमोत काय काय होतं हे त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं, तेही हॉस्पिटलची पायरी न चढता. अलकनंदाने ऐकून घेतलं, कारण भांडायला अंगात त्राण नव्हतं. तिचा नवरा श्यामकांत ऑफिसात मोठमोठ्या फायलींवर शेरे मारायचा, पण दादांपुढे त्याच्या तोंडून 'हो'खेरीज शब्द फुटत नसे.

सासूबाईंनी त्याच दिवसांत नवस बोलला: सून बरी झाली तर तिची गूळतुला करीन. एका पारड्यात सून, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ मग ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत वाटायचा. उपचार संपले, रोजची एक हॉर्मोनची गोळी तेवढी मागे राहिली, आणि सासूबाई कामाला लागल्या. सून हलकी भरली तर देवीपुढे, आणि त्याहून जास्त महिला मंडळापुढे, मान खाली जायची. म्हणून डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, वरणभातावर तुपाची धार. नको म्हटलं की लगेच, "अगं, शक्ती कुठून येणार?" येणारे-जाणारे तिचे गाल बघून म्हणत, तब्येत सुधारली हं. जिना चढताना तिला धाप लागे, पण ज्याची तब्येत सुधारली आहे त्याने असलं काही बोलायचं नसतं.

दादांनी कारखान्यातला जुना मोठा तराजू टेम्पोत घालून पाठवला. तो व्हरांड्यात टांगला गेला, गुळाच्या ढेपी आल्या, आणि त्याच आठवड्यात अलकनंदाच्या नेहमीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. लिव्हरवर बरीच चरबी होती. शिवाय एका कोपऱ्यात लहानसा ठिपका दिसत होता. तो बहुधा निरुपद्रवी, तरी एमआरआय करून खात्री करावी, असं लिहिलं होतं.

दादांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला. 'बहुधा निरुपद्रवी' एवढे शब्द मात्र त्यांनी गाळले.

"फॅटी लिव्हर त्या हॉर्मोनच्या गोळीने होतं, बिल्कुल क्लिअर आहे. मी नेटवर बघितलंय," ते म्हणाले. "गोळी आजपासून बंद. आणि आई, गूळतुला होल्डवर ठेव. उद्या त्या ठिपक्यातून काही निघालं, तर लोक म्हणतील बरी न झालेली बाई तराजूत बसवली."

"खरंच रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "देवीची फसवणूक नको."

अलकनंदा समोरच बसली होती. कॅन्सर परत आलाय, आता लिव्हरमध्ये घर करून बसलाय, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. आणि या दोघांना चिंता होती ती लोकांची आणि देवीच्या हिशेबाची. तिने श्यामकांतकडे पाहिलं.

"दादा म्हणतोय त्यात पॉइंट आहे," तो म्हणाला.

आणि अलकनंदाने गोळी बंद केली. कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली गोळी तिने बंद केली, आणि तीही कुणाच्या शब्दावर? ज्याला चहा धड करता येत नाही त्याच्या. भ्यालेल्या माणसाला अक्कल नसते, पण आपल्याला इतकी कमी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंकडे दादाही आले आणि पेशंटच्या खुर्चीत स्वतःच बसले. बाईंनी त्यांना उठवून अलकनंदाला बसवलं.

"ये स्पॉट कुछ नहीं है," बाई म्हणाल्या. "खून की नसों का छोटा सा गुच्छा है, शायद बचपन से होगा. हां, चर्बी का ध्यान रखना पड़ेगा. वजन कम कीजिए, रोज चलिए, घी-मीठा घटाइए. गोली से भी थोड़ा असर होता है, उस पर हम नजर रखेंगे. गोली चल रही है न?"

अलकनंदाने नकारार्थी मान हलवली आणि दादांकडे पाहिलं.

"किसने बंद की?"

दादा भिंतीवरचं यकृताचं चित्र निरखू लागले.

"आप डॉक्टर हैं?" बाईंनी विचारलं.

"जी नहीं. मैं प्रोडक्शन में हूं."

"तो वही कीजिए. गोली आज से ही शुरू होगी."

घरी पोचेपर्यंत दादांचा आवाज परत आला होता. मी तर आधीच म्हणत होतो काही नसणार, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी लगेच पारडं पुसायला घेतलं.

"मी आत्ता बसणार नाही, आई," अलकनंदा म्हणाली. "वजन उतरलं की बसेन. नवस बोललात तेव्हा देवीने वजन ठरवून दिलं नव्हतं. पण तराजू टांगलेलाच आहे, तर दादांना बसवा. घरातलं वजनदार माणूस तेच."

यात टोमणा आहे हे कळायलाही थोडी अक्कल लागते. दादा शर्ट सावरत बसले. सासूबाई नि श्यामकांतने ढेपीवर ढेप चढवली, सगळा गूळ संपला, तरी दादांचं पारडं काही जमीन सोडेना.

"दृष्ट काढते हो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"दृष्ट राहू दे, आई. आधी लिव्हरची सोनोग्राफी करायला सांगा त्यांना," अलकनंदा म्हणाली.

दादांना घाईने उठायचं होतं, पण हात दिल्याशिवाय पारड्यातून उठता येईना.

अलकनंदा आत जाऊन गोळ्यांची पट्टी घेऊन आली. श्यामकांत पाण्याचा पेला घेऊन मागोमाग आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अलका, मला वाटलं, दादा एवढं म्हणतोय तर..."

"तुम्हाला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती तेव्हासुद्धा."

तिने त्याच्या हातातला पेला घेतला नाही. माठातून स्वतः पाणी ओतून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत गोळी गिळली.