व्हर्लाचा कोपरा

कोपऱ्यातली खुर्ची व्हर्लाची. मारहाणीतून निसटलेल्या बायकांसाठी अमेरिकेतल्या डुलुथ शहरात जो निवारा होता, तिथे ती फोन घ्यायची. दोन हिवाळ्यांपूर्वी एकीचा नवरा मागच्या दाराने घुसला आणि त्याने पाठीमागून व्हर्लाचाच गळा धरला. तेव्हापासून पाठीशी भिंत नसली की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. सगळ्यांनी मुकाट्याने तो कोपरा तिला सोडून दिला होता.

मग निवाऱ्याला जखमी मनं बरी करणारी संस्था बनवायला नव्या संचालिका कोरीन आल्या. त्यांनी ती खुर्ची पाहिली, डोळे पुसले आणि जाहीर केलं, "हे सुख एकटीलाच का? भिंत हा प्रत्येकाचा हक्क आहे!"

झालं! दुखणं कुणाला नसतं? हिशेबनीसाला लहानपणी हंस चावला होता. आठवडाभरात सगळी टेबलं भिंतींना चिकटली. ओरडायला बंदी, म्हणून निरोप भिंतीभिंतीने कुजबुजत फिरायचे. जेवणाच्या सुट्टीचा निरोप पोचेपर्यंत सुट्टी संपलेली असायची. कोपऱ्यांना पाळ्या लागल्या. व्हर्लाची पाळी एप्रिलात. तोवर भिंत शिल्लक नाही, म्हणून ती खोलीच्या मधोमध.

"तुझी हरकत नाही ना?" कोरीन म्हणाल्या. "अगदी मोकळेपणाने सांग."

"आहे हरकत," दोन टेबलांमधल्या फटीत भिंतीला पाठ टेकवून व्हर्ला म्हणाली.

"किती छान सांगितलंस गं!"

सगळ्यांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या. खुर्ची मधोमधच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. व्हर्लाने मधोमधच्या खुर्चीत येऊन उचलला. पलीकडून दबक्या आवाजात एक बाई विचारत होती, "कुणी आहे का तिथे?" व्हर्लाच्या पाठीशी भिंत नाही. ओठ हलले, आवाज नाही. आता ती बाई फोन ठेवणार.

या सगळ्या थेरांची रोज टर उडवणारा, निवाऱ्याची गाडी चालवणारा गॉर्डी माकी हीटरजवळची उबदार भिंत सोडून उठला. खुर्ची करकर ओढत आणली आणि व्हर्लाच्या पाठीला पाठ लावून बसला.

"घे भिंत," तो पुटपुटला. "जुनी आहे, जरा ओल धरते."

"आणि कांद्याचा वास मारते," व्हर्ला म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली. मग फोनमध्ये, "आहे गं, मी आहे. बोल."

कोरीन चवड्यांवर चालत आल्या. "गॉर्डी, काय सुंदर कल्पना! आठवड्याला किती जणांची भिंत होशील?"

"भिंती बोलत नाहीत, मॅडम." गॉर्डीने पाठ आणखी टेकवली.

"हो, पुढच्या दारानेच ये," व्हर्ला फोनवर सांगत होती. "शोधावं लागणार नाही. अगदी मधोमध बसलेय."