साहेबाच्या हातातलं पुस्तक

हर्षितच्या डोक्यावर पुठ्ठ्याची साहेबी हॅट होती आणि हातात सुवार्ताबाईंच्या आईचं बायबल. चर्चच्या हॉलमध्ये शेवटची तालीम चालली होती. निळ्या चादरीचा समुद्र, खोक्यांचं जहाज. त्या जहाजातून हर्षित उतरला, त्यानं पुस्तक उंच धरलं आणि बाकीची पोरं त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली. सुवार्ताबाई दारातच थबकल्या. त्यांनी बसवलेलं नाटुकलं हे नव्हतंच.

त्यांचं वेगळं होतं. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यापासून त्या संडे स्कूल घेत. यंदाच्या बायबल संडेला बायबल आलं कुठून, हे पोरांनीच दाखवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. हे पुस्तक काही आभाळातून शिवून पडलं नाही, बाळांनो, असं त्या वर्गात सांगत. कुणी मेंढ्या राखता राखता गाणी रचली, कुणी तुरुंगातून पत्रं लिहिली, नकला उतरवता उतरवता कुणाकुणाची नजर गेली. मग जहाजातून मिशनरी साहेब आला खरा, पण त्याच्यापाशी मराठी कुठली? इथली माणसं शब्द शोधायला त्याच्या शेजारी बसली तेव्हा कुठे देव मराठी बोलायला लागला. नाटकात पुस्तक असं हातोहात पुढे सरकायचं आणि शेवटी मिनलच्या हाती यायचं. मिनल व्हायची तुळसाबाई. तुळसाबाई म्हणजे सुवार्ताबाईंची आई. रामटेककडच्या खेड्यांतून पायी फिरून बायाबापड्यांना वाचून दाखवणारी बायबलबाई.

ती मिनल आता कोपऱ्यात पायरीवर बसली होती. आजीचं लुगडं नेसून, चापूनचोपून अंबाडा घालून पोर सकाळीच आली होती. तिचं काम कापलंय हे तिला घरी कळवायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

सुवार्ताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी शरच्चंद्रभाऊ, म्हणजे हर्षितचे आजोबा, लगबगीनं पुढे आले. नाटुकलं त्यांनीच परस्पर कापलं होतं. वेळ कमी होता म्हणे. परदेशातून पाहुणे यायचे होते म्हणे. साहेब दाखवला की त्यांना बरं वाटणार, चार लोकांत मंडळीचं नाव होणार. पोटातलं ओठांवर आणायला त्यांना कधीच लाज वाटत नसे. मेंढपाळ गेले, कैदी गेले, शब्द शोधणारे गेले, तुळसाबाई गेली. उरला साहेब, आयत्या बिळावरचा नागोबा.

"बाईचं काम काढलं, मंग बाईचं पुस्तक काहून ठेवलं?" सुवार्ताबाईंनी विचारलं.

"जुनं आहे ना, सिस्टर. त्याच्या हातात चांगलं शोभून राहिलं."

शोभून! पोरांसमोर आवाज चढवायचा नाही, हे आयुष्यभर वॉर्डात पाळलेलं पथ्य होतं म्हणून बरं.

"ते शोभेचं नाही, भाऊ. या पुस्तकापायी माही माय गावाबाहेर बसली. तहान लागली तर लोक दुरूनच तिच्या ओंजळीत पाणी ओतत. साहेबाले त्याच गावात पाटलाच्या ओसरीवर खुर्ची भेटे."

शरच्चंद्रभाऊंनी नजर चुकवली. "ते जुनं पाहुण्यायसमोर काहून उकराचं?" एवढंच ते म्हणाले.

सुवार्ताबाईंनी हर्षितच्या हातातून पुस्तक हळूच काढून घेतलं. त्या पोराचा काय दोष? पिशवीतून आईच्या लुगड्याचा तुकडा काढून त्यांनी ते नीट गुंडाळलं. सगळं नाटकच उधळून लावावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण रंगवलेली तोंडं घेऊन पोरं त्यांच्याकडे टकमका बघत होती. त्यांनी राग गिळला, आणि गिळल्यावर तो जास्तच जळायला लागला.

उपासना झाल्यावर नाटक झालं. शरच्चंद्रभाऊंनी कपाटातलं सोनेरी कडांचं पुस्तक नातवाच्या हाती दिलं होतं. ते इंग्रजी होतं. गुडघे टेकलेल्या गावकऱ्यांपैकी कोण ते वाचणार होतं, हा प्रश्न भरल्या हॉलमध्ये एकालाही पडला नाही. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बायबल आलं कुठून, असं चर्चच्या पाळकांनी विचारल्यावर पोरं एका सुरात ओरडली, "जहाजातून!" वर्षभर वर्गात सांगितलेलं सारं एका सकाळीत धुऊन गेलं.

सुवार्ताबाई शेवटच्या बाकावर होत्या. शेजारी लुगड्यातली मिनल.

"टीचर, तुमच्या मायले टाळ्या भेटत होत्या का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही वं. पुस्तक खाली ठेवू नको, एवढंच तिले कळे. चिखलात बसली तरी ते मांडीवर. पुढं डोळे गेले, तरी मांडीवर घेऊन पानं उलटे आणि तोंडपाठ म्हणे."

हे मिनलला ठाऊक होतं. काम शिकवताना त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तिनं मान डोलावली, आणि घरापर्यंत पुस्तक मी धरू का, असं विचारलं. सुवार्ताबाईंनी ते तिच्या हाती दिलं.

बाहेर पाहुण्यांसोबत फोटो काढणं चाललं होतं. शरच्चंद्रभाऊ हर्षितची हॅट सरळ करत होते. मिनल पायरीवर येऊन सँडल घालायला लागली. पट्टा काही केल्या बकलात जाईना. शेजारची पायरी स्वच्छ, झाडलेली होती. मिनलनं त्या पायरीकडे एकदा पाहिलं, मग खाली बसली, पुस्तक मांडीवर घेतलं, एका हातानं ते धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पट्ट्याशी झटत राहिली. सुवार्ताबाई मदतीला वाकल्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहून बघत राहिल्या.