अर्ध्या कॅनचं लोणी

आमच्या मालकाचं नाव मी एकदाच घेते, म्हणजे पुढं घोळ नको: गहिनीनाथ. ह्यापुढं त्यांना 'हे' म्हणीन. आन् 'ह्यांनी केलं' असं मी म्हणलं की समजून घ्यायचं, काहीतरी बिघडलं हाय.

गाव आमचं नेकनूरच्या अलीकडं, माळावर. मूठभर घरं, आन् तेवढ्यात बायकांच्या दूध संस्था दोन. ओढ्याच्या अल्याड माझी, पल्याड माझ्या धाकट्या जावंची, वच्छलाची. पहिली एकच होती आन् ती मी काढलेली. घरोघर फिरून, नवऱ्यांच्या शिव्या खाऊन काढलेली. मग एका सकाळी सगळ्या बायकांसमोर मी वच्छलाच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला. लॅक्टोमीटर म्हणजे दुधातलं पाणी सांगणारी काचेची नळी. ती जी खाली गेली ती बुडालीच. मी म्हणलं, "वच्छले, ह्यात म्हैस कमी आन् इहीर जास्त हाय." खरं तेच बोलले. तर बाईनं त्याच महिन्यात पल्याड येगळी संस्था काढली. तवापासून लग्नात समोरासमोर आलो तरी ती मला अक्षता देत न्हाई आन् मी तिला पाट देत न्हाई.

मग दुष्काळ आला. टँकर आला की माणसं धावायची, जनावरं नुसती बघायची. ओली वैरण डोळ्याला दिसंना. म्हशी आटल्या. माझ्या संस्थेचा चाळीस लिटरचा कॅन अर्ध्यावर आला, आन् अर्ध्या कॅनसाठी डिझेल जाळायचं न्हाई म्हणून दुधाचा टेम्पो बंद झाला. पोरगा मोटारसायकल घेऊन पुण्याला कंपनीत गेलता. राहिली सायकल आन् राहिले हे. ह्यांचे गुडघे असे, की चढ आला की हे उतरायचे, उतार आला की भ्यायचे. रस्त्यात जो भेटंल त्याच्याशी पावसाचं बोलायचे. डेअरीच्या सेंटरवर पोचंस्तोवर ऊन चढायचं आन् दूध नासायचं.

सेंटरवरचे सुंदरराव भला माणूस. त्यांनी निरोप धाडला, "बायनाबाई, अशानं संस्थेचं खातं बंद करावं लागंल."

संस्था बंद पडली आसती तर माझ्या वीस-बावीस बायकांना परत भट्टीवाल्याच्या दारात खव्यासाठी दूध घालायची पाळी आली आसती, तो देईल त्या भावानं. हे एक कारण. दुसरं कारण, वच्छला हसली आसती. दुसरं पहिल्यापेक्षा मोठं होतं. खोटं कावून बोलू?

तर ह्यांनी मोबाइलात बघून सायकलला बसवायचं इंजन मागवलं. खोकं आलं ते नेकनूरला शफीभाईच्या गॅरेजवर. शफीभाई म्हणजे लुना, यम-एटी गाडी, पंप, पिठाची गिरणी, फिरणारं काहीबी दुरुस्त करणारा माणूस. ते खोकं घेऊन आमच्या अंगणात आले. बाजंवर पोतं हांथरून सगळे भाग मांडले. नांगर धरणाऱ्याच्या मुठीएवढं इंजन, शेंगदाण्याच्या डब्याएवढी टाकी, मागच्या चाकाला बसवायचं दातेरी चाक, साखळी, आन् बोल्ट इतके की ह्यांनी त्यातले काही कशाला लागत न्हाईत म्हणून पोराच्या जुन्या डब्यात ठेवून दिले. ते पुढं सगळे लागले.

बसवून झालं, आन् शफीभाई पाणी प्यायला आत वळले तेवढ्यात ह्यांनी पेट्रोलात आईल मिसळलं. ह्यांनी उभा जन्म लुना चालवलेली, तिच्या पेट्रोलात आईल घालावंच लागतं. दोरी ओढली, इंजन लागलं, आन् अंगणात असा धूर झाला की माझी म्हैस दावं तोडून बोरीत जाऊन उभी राहिली.

शफीभाई डोकं धरून बसले. "गहिनीभाऊ, ये फोर स्ट्रोक हाय. ह्याचं तेल ह्याच्या पोटात, येगळं. पेट्रोलात न्हाई घालायचं."

"थोडंच घातलं," हे म्हणले.

सगळं खोलून धुतलं. मग सुरू झालं ट्युनिंग. कार्बोरेटरला एक बारका स्क्रू असतो. तो पाव आटा फिरवायचा, इंजन चालवायचं, बंद करायचं, प्लग काढून बघायचा. प्लग काळा आला तर पेट्रोल जास्त पितंय, पांढरा आला तर उपाशी हाय. "बिस्कुटाचा रंग पायजे," शफीभाई म्हणले. हे आतून बिस्किटाचा पुडा घेऊन आले. प्लगशेजारी बिस्किट धरायचं, बघायचं, मान हलवायची, बिस्किट खाऊन टाकायचं. पुडा संपला तवा कुठं रंग जमला.

दुसऱ्या दिवशी हे कॅन बांधून गेले आन् चहा उकळायच्या आत सेंटरवर पोचले म्हणे. दूध ताजं. मी देवाला साखर ठेवली. ती साखर मुंग्यांनी खायच्या आत निरोप आला: दूध ताजं हाय, पर फॅट लागत न्हाई. सुंदररावांनी विचारलं होतं, "बायनाबाई लोणी काढून घेत्यात का?"

माझं डोकं असं फिरलं. मी, जिनं जावंला दुधावरनं सोडलं न्हाई, मी लोणी काढीन? कॅन घरी आला तशी मी झाकण उपटलं. झाकणाच्या आतून चहूकडनं पांढरं घट्ट कडं. बोट फिरवलं. लोणी. चांगलं, ताजं, सायीचं. इंजनाच्या थरथरीनं रस्ताभर दूध घुसळत गेलं होतं.

"म्हंजे आपल्या इंजनाला रवी बसवायची गरज न्हाई," हे म्हणले. मी त्या दिवशी ह्यांना जेवायला उशिरा वाढलं.

शफीभाईनं काय करायचं ठेवलं न्हाई. इंजनाखाली जुन्या ट्यूबचे रबर घातले. साखळी सरळ केली. वाल्वचं अंतर पातळ पट्टी घालून जमवलं. कॅनखाली मी माझी वाकळ दुमडून दिली. दर सकाळी हे जायचे आन् दर दुपारी मी झाकणातून बोट फिरवायचे. लोणी कमी झालं, गेलं न्हाई. फॅटही तसंच. बारका कॅन घ्यावा तर सेंटरवर चाळीसचाच चालायचा.

एक दिवस शफीभाईनं चालत्या इंजनावर तळवा ठेवला. "अब गुमान चालतंय," म्हणले. मग इंजन बंद केलं आन् नुसता कॅन हालवला. डुचुक, डुचुक. "भाभी, खोट इंजनात न्हाई. कॅन अर्धा हाय. गळ्यापर्यंत भरलेला कॅन हालतच न्हाई, मग लोणी कशाचं निघंल?" आन् त्यांनी ओढ्यापल्याड बघितलं. "तिकडं बी अर्धा कॅन दूध हाय. त्यांची दूध न्यायची जीपबी बंद झाल्यापासनं खव्याच्या भट्टीवर चाललंय, पडेल भावानं."

"शफीभाई, तुमी इंजनाचं बघा," मी म्हणलं.

"इंजनाचं बघून झालं," ते म्हणले आन् पाने-पकडी गोळा करून गेले.

पर कॅन भरायचाच तर त्याला जावंचंच दूध पायजे असं कुठं हाय? मी रातभर डोकं चालवलं. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या कढत पाण्यानं धुतल्या, त्यात टँकरचं पाणी भरलं, बुचं गच्च आवळली, आन् सकाळी दुधात सोडल्या. दूध वर चढत चढत गळ्याला आलं. हालवून बघितलं तर आवाज न्हाई. मला माझंच कौतुक वाटलं. ह्यांना बजावलं, "सेंटरच्या फाटकाबाहेर बाटल्या काढायच्या, मग आत जायचं. काय करायचं?"

"बाटल्या काढायच्या," हे म्हणले.

फाटकाबाहेर चार माणसं इंजन बघायला जमली. ह्यांनी त्यांना प्लगचा रंग समजावून सांगितला, बिस्किटासकट. बाटल्या राहिल्या. सुंदररावांनी मोजायची पट्टी कॅनात घातली तर ती मधीच अडली. त्यांनी हात घातला आन् सगळ्यांसमोर एक एक बाटली वर काढली.

बायनाबाईच्या दुधात पाणी सापडलं. तेबी बाटलीबंद.

हे घरी यायच्या आधी ही बातमी गावात आली, ओढा ओलांडून पल्याडबी गेली. सुंदररावांचा निरोप मागून आला. त्यांनी ह्यांच्या तोंडाकडं बघून तक्रार केली न्हाई, पर एक सांगितलं: उद्या कॅन गळ्यापर्यंत भरून पायजे, निव्वळ दूध, आन् फॅट लागलं पायजे. न्हाईतर खातं बंद.

त्या दिवशी मला लाज वाटली. लई वाटली. मी न जेवता पडून राहिले. हे येऊन पायथ्याशी बसले आन् म्हणले, "बाटल्या इसरलो, माझं चुकलं." मी म्हणलं, "बाटल्या घातल्या कुणी?" ह्यांनी भाकरी आणून उशाशी ठेवली. चांगला माणूस हाय. इंजनाला हात लावू नये एवढंच.

सकाळी बायकांनी दूध आणून घातलं. अर्धा कॅन. मी ह्यांना म्हणलं, "सायकल ढकला. ओढ्यातनं." ओढ्यात थेंब न्हाई, नुसती वाळू. चाक रुतत होतं, हे पुढून ओढत होते, मी मागनं कॅन धरून ढकलत होते, आन् दोन्ही काठांवर बायका उभ्या होत्या. कुणी हसलं न्हाई, ते मला जास्त लागलं.

वच्छला दारातच होती. तिच्या बायकांचं दूध बादल्यांनी वसरीत ठेवलेलं. तिनं कॅनकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.

"लॅक्टोमीटर आणलाय का, बाई?"

"न्हाई."

"आणायचा होता. लाजू नका."

"कॅन भरायचा हाय, वच्छले," मी म्हणलं. "माझा एकलीचा भरत न्हाई." एवढं बोलायला मला किती सालं लागली ते जिला जाऊ हाय तिलाच कळंल.

तिनं पदर खोचला आन् पहिली बादली उचलली. "बिनघोर घ्या," म्हणली. "दुधात घालायला पाणी राहिलंय कुठं गावात? आन् जे होतं ते तुमीच घातलं."

पल्याडच्या बायका हसल्या, मग अल्याडच्या हसल्या, मग हे हसले तवा मी ह्यांच्याकडं बघितलं. आन् मलाबी हसू आलं, काय करणार.

सगळ्या बादल्या ओतल्या तरी कॅन गळ्याला चार बोटं कमीच. शफीभाईनं सांगितलं होतं, गळ्यापर्यंत. मी वच्छलाकडं बघितलं. ती आत गेली आन् पाटीखाली झाकून ठेवलेलं चरवीभर दूध घेऊन आली. "चहापुरतं ठेवलं होतं," म्हणली. ओतलं. तरी दोन बोटं उणं. आता ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्याबी घरी शिंक्यावर तांब्या होता, ह्यांनाबी न सांगितलेला. मी ओढा ओलांडून गेले, तांब्या घेऊन आले आन् ओतला. दूध गळ्याला टेकलं. झाकण लावून वच्छलानं कॅन हालवला. आवाज न्हाई.

ह्यांनी दोरी ओढली. इंजन पहिल्या झटक्याला लागलं आन् गुमान चढाकडं गेलं.

मी घरी जायला पाहिजे होतं, पर पाय निघंना. वच्छला म्हणली, "बसा. चहा टाकते." दूध तर सगळं गेलेलं, मग गूळ घालून कोराच उकळला. आमी दोघी वसरीत बसून रस्त्याकडं बघत होतो.

हे परत आले ते लांबूनच हात हालवत. एका हातानं सायकल धरायची म्हणल्यावर बोरीत जाता जाता वाचले. मी झाकण उपटलं आन् आतून बोट फिरवलं. कोरडं. वच्छलानंबी फिरवलं. फॅट लागलं होतं, चांगलं लागलं होतं, खातं चालू. मला रडू आलं. मी धुरावर ढकललं, पर चहा गॅसवर केलता आन् वच्छलाला ते ठावूक होतं.

तिनं कपात चहा ओतून माझ्यापुढं सरकवला. स्वतः घोट घेतला आन् तोंड वाकडं केलं. "उद्यापासनं चहापुरतं एक वाटी मागं ठेवू, बाई."

"न्हाई," मी म्हणलं. "डुचमळंल."