नळीत उतरलेली दृष्ट

खोकला कुठल्या विषाणूचा, हे थुंकी तपासून कळणार होतं. पण रोह्याच्या दवाखान्यात चार वर्षांची भूमिका तोंड मिटून बसली होती. थुंकलं की आई रागावते, हे तिला पक्कं ठाऊक.

शेवटी मिठागरावरच्या मैनाआजीने पिशवीतलं खडामीठ मुठीत घेतलं, नातीवरून ओवाळलं. दृष्ट काढताना पोरीने मुठीवर थुंकायचं, ही घरची रीत. आजीने ऐन वेळी मुठीऐवजी दवाखान्याने थुंकीसाठी दिलेली नळी पुढे धरली आणि भूमिका सवयीने थुंकली.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, पण आजी नळी सोडेना.

"दृष्ट हाय ती, बाय. जाळायला लागंल."

"तपासून झाली की आम्ही जाळायलाच पाठवतो, आजी."

मैनाआजीने नळी दिली. बाहेर येताच सुनेला म्हणाली, "डॉक्टरीण चांगली शिकलेली हाय गो."